शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी
(घराबाहेरील दिवे बसवताना घ्यावयाच्या काळजीविषयी दिलेले आरोग्य व्याख्यान)



घराच्या बाहेरच्या भिंतीवर एक दिवा लावणे हे काम आपल्याकडे अर्ध्या तासाचे समजले जाते. पावसाळा संपतो, भिंतींना रंग लागतो, दिवाळी तोंडावर येते. मग शेजारच्या घरून शिडी आणली जाते, खिशात टेस्टर आणि पक्कड घातली जाते आणि घरातील कोणीतरी वर चढतो. अशा कामाविषयी आरोग्य खात्याने बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु त्या अर्ध्या तासात काही विपरीत घडले, तर त्याचा शेवट आमच्याच दारी होतो. मोडलेली टाच, दबलेला मणका, डोक्याला लागलेला मार, विजेने भाजलेली बोटे यांच्यावर उपचार करणे डॉक्टरांचे कामच आहे. पण यांतील बहुतेक दुखापती टाळता येण्याजोग्या असतात, हे त्यांना पुरते ठाऊक असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि यांतील ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू आपल्यासारख्या कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. हे सगळे शिडीवरून पडलेले नसतात, हे खरे. कोणी जिन्यावरून पडतो, कोणी झाडावरून, कोणी ओल्या न्हाणीघरात. शिडी मात्र अशी वस्तू आहे की तिच्यावर माणूस स्वतःच्या इच्छेने, पूर्ण शुद्धीवर असताना आणि बहुधा घाईत चढतो.

म्हणून बाहेर दिवा लावूच नये, असे कोणी समजू नये. अंगणातील दिवा हा आरोग्याच्या दृष्टीनेही उपयोगाचा असतो. रात्री पायरी दिसली तर वृद्ध माणूस अडखळत नाही. शौचालयाकडे किंवा गोठ्याकडे जाणारी वाट उजळलेली असली, तर वाटेत आडवा पडलेला साप वेळीच दिसतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा दिवा अवश्य लावावा. तो लावताना घरातील माणूस जायबंदी होऊ नये, एवढ्याचसाठी हे बोलणे.

‘आठ-दहा फूट म्हणजे काय मोठी उंची!’ असे आपण सहज म्हणतो. या उंचीचा हिशेब एकदा नीट पाहू. दहा फूट म्हणजे सुमारे ३ मीटर. तेवढ्या उंचीवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या आसपास जमिनीवर येतो, आणि जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर असतो. पाऊण सेकंदात हात पुढे येतात, बाकी काही सावरता येत नाही. पायांवर पडल्यास टाचेचे हाड फुटते आणि तोच धक्का वर कमरेच्या मणक्यांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच उंचावरून पडून टाच मोडलेल्या रुग्णाचा कणाही डॉक्टर तपासतात. हातांवर पडल्यास मनगट जाते. पाठीमागे पडल्यास डोके आपटते, आणि बाहेरच्या भिंतीलगत बहुधा फरशी, पायरीचा दगड किंवा कुंपणाचे गज असतात. रुग्णालयात तर तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणे हेदेखील मानेच्या दृष्टीने धोक्याचे मानून तपासणी केली जाते.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दिवा कोठे लावावा हे ठरवताना आपण प्रकाश कोठवर जाईल ते पाहतो, दर्शनी बाजूला तो शोभेल का ते पाहतो. त्या ठिकाणी शिडी कोठे उभी राहील, हे पाहायचे मात्र राहून जाते. दिवा एकदा बसवला की काम संपत नाही. त्याची काच पुसावी लागते, आत शिरलेले किडे काढावे लागतात, दोन-चार वर्षांनी तो बदलावा लागतो. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याच जागी वर चढणार असते. जिन्याच्या पायऱ्यांच्या बरोबर वर, पाण्याच्या हौदावर, उताराच्या वाटेवर, गच्चीच्या कठड्याच्या बाहेरच्या अंगाला लावलेला दिवा म्हणजे पुढच्या दहा वर्षांचा धोका भिंतीत ठोकून ठेवणे होय. तोच दिवा चार फूट बाजूला, सपाट जमिनीच्या वर घेतला तर शिडी निर्धास्त उभी राहते. पुष्कळदा उंचीही कमी करता येते. दाराशेजारच्या दिव्याला साडेसहा ते सात फूट उंची पुरते. तेथे भक्कम ठेंगण्या घोडीवर उभे राहूनही हात पोहोचतो. बारा फुटांवरचा दिवा अंगण अधिक उजळतो असे नाही. उजेड पायांपाशी पडण्याऐवजी पुष्कळदा शेजाऱ्याच्या खिडकीत पडतो.

जागा ठरली की वर कोणी चढावे हा प्रश्न येतो. याचे उत्तर आपल्या घरांत बहुधा मानापमानाने ठरते, आणि डॉक्टर म्हणून येथे थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. साठी-पासष्टी ओलांडलेल्या आजोबांनी ‘मी हे आयुष्यभर केले आहे’ असे म्हणून शिडी धरली, तर त्यांना आदराने पण ठामपणे थांबवावे. हाडे ठिसूळ झालेली असतात, तोल सावरण्याची क्रिया मंदावलेली असते आणि पडल्यानंतर भरून येण्यास लागणारा काळ अनेक पटींनी वाढलेला असतो. वयाने तरुण असूनही काहींनी चढू नये. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा मनाच्या विकारावरच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उभे राहताना भोवळ येऊ शकते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी पेंग येते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबवलेल्या माणसाची साखर शिडीवर असतानाच उतरू शकते; उपवासाच्या दिवशी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. फेफऱ्याचा त्रास असलेल्यांनी आणि मद्यपान केलेल्यांनी शिडीजवळही जाऊ नये. ज्यांना मान मागे करून वर पाहिले की भिंती फिरल्यासारख्या वाटतात, त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे, कारण दिवा बसवताना मान वरच धरावी लागते. चष्म्याचेही एक सांगण्याजोगे आहे. दुहेरी किंवा बहुकेंद्री भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले की नजर वाचनाच्या भिंगातून जाते आणि पायाखालची पायरी अस्पष्ट दिसते. उतरताना शेवटची पायरी आली असे वाटून पाय हवेत पडतो.

आणखी एका माणसाचा विचार येथे केला पाहिजे. घरातील कोणी चढत नसले की आपण इमारतीच्या रखवालदाराला हाक मारतो, रंगाऱ्याच्या हाताखालच्या मुलाला सांगतो, किंवा घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘जरा एवढे करून द्या’ म्हणतो. तो माणूस आपल्या शब्दाखातर, पुष्कळदा पन्नास रुपयांसाठी, अनवाणी आणि मोडक्या शिडीवर चढतो. त्याचे मनगट मोडले तर दीड-दोन महिने त्याच्या घरची चूल कशी पेटेल याची तरतूद कोणीच केलेली नसते. जी शिडी आपण आपल्या मुलाला वापरू देणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये. अठरा वर्षांखालील मुलाला तर या कामाला लावूच नये.

शिडीविषयी थोडे विस्ताराने सांगतो. आपल्याकडे तीन प्रकारच्या शिड्या आढळतात : बांबूची किंवा लाकडाची, ॲल्युमिनियमची, आणि अलीकडे फायबरची. बांबूची शिडी स्वस्त आणि हलकी असते, पण तिच्या पायऱ्या ज्या दोरीने बांधलेल्या असतात ती उन्हापावसात कुजते, आणि वाळवी आतून पोखरत असताना बाहेरून काही दिसत नाही. चढण्यापूर्वी शिडी जमिनीवर आडवी ठेवून एकेक पायरी हातांनी हलवून पाहावी. लाकडी शिडीला रंग देऊ नये; रंगाखाली भेगा झाकल्या जातात. ॲल्युमिनियमची शिडी सुबक आणि टिकाऊ असते, मात्र ती विजेची उत्तम वाहक आहे. विजेच्या कामासाठी कोरडी लाकडी किंवा फायबरची शिडी घ्यावी. भिजलेल्या बांबूतूनही वीज वाहू शकते, हे विसरू नये. शिडीच्या तळाचे रबरी बूट झिजले असतील तर ते आधी बदलावेत. सगळा भार त्या चार बोटांच्या रबरावर तोललेला असतो. शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ब्यूरोची आय.एस. ३६९६ (भाग २) ही संहिता आहे. ती प्रत्येक घरी वाचली जाईल अशी अपेक्षा नाही, परंतु गृहनिर्माण संस्थेने सामाईक शिडी विकत घेताना तिचा अवश्य विचार करावा. खुर्चीवर स्टूल, टेबलावर पाण्याचे पिंप, मोटारसायकलची सीट, खिडकीची जाळी या गोष्टी शिडी नव्हेत, हे निराळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

भिंतीला टेकवण्याची शिडी किती तिरकी असावी याचा एक साधा नियम आहे. शिडी भिंतीला जेथे टेकते ती उंची चार हात असेल, तर तिचा पाया भिंतीपासून एक हात दूर असावा. याहून जवळ घेतली तर ती माणसासह मागे उलटते, याहून लांब घेतली तर पाया घसरतो. मोजपट्टी नसेल तर असे करावे : शिडीच्या पायाला आपल्या पायांचे अंगठे टेकवून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत समोर पसरावेत. तळहात शिडीच्या दांड्यांवर सहज टेकले, तर तिरपेपणा योग्य आहे. पायाखाली विटांचे तुकडे किंवा पुठ्ठे घालून शिडी समपातळीवर आणण्याचा प्रयत्न करू नये. जमीन मऊ असेल तर रुंद, जाड फळी अंथरावी. शेवाळलेल्या फरशीवर आधी घासून, वाळवून मगच शिडी ठेवावी. कोकणात, केरळात, आसामात पावसाळ्यानंतर कित्येक आठवडे अंगणातील फरशीवर हिरवा थर राहतो, आणि त्याच दिवसांत दिवे लावण्याची घाई असते. शिडीचे वरचे टोक काचेला, प्लास्टिकच्या पन्हाळीला किंवा पत्र्याच्या कडेला टेकवू नये. शक्य असेल तेथे ते टोक खिडकीच्या गजासारख्या पक्क्या वस्तूला दोरीने बांधावे. शिडीवरून गच्चीवर उतरायचे असेल, तर शिडी गच्चीच्या कडेपेक्षा सुमारे एक मीटर वर गेलेली असावी, म्हणजे पाय बदलताना हाताला आधार राहतो.

घोडी, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभी राहणारी घडीची शिडी, पूर्ण उघडून तिची कडी बसवल्याशिवाय वापरू नये. ती मिटलेली ठेवून भिंतीला टेकवण्याची सवय फार धोक्याची आहे. घोडीच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर, आणि टेकवलेल्या शिडीच्या वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. घोडीवर असताना तोंड भिंतीकडे आणि पायऱ्याही भिंतीकडे अशी मांडणी असावी. आडवी ठेवून बाजूच्या भिंतीत ड्रिल दाबले की तो जोर घोडीलाच उलटवतो.

वर चढताना आणि उतरताना तोंड शिडीकडेच असावे. दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव सतत शिडीला लागलेले असावेत. याचा अर्थ असा, की हातात ड्रिल, दिवा किंवा खोके घेऊन चढता येणार नाही. अवजारे कमरेच्या पिशवीत ठेवावीत किंवा वर पोहोचल्यावर दोरीने ओढून घ्यावीत. आपल्या पोटाची मध्यरेषा शिडीच्या दोन दांड्यांच्या आतच राहिली पाहिजे. एखादा स्क्रू हातभर लांब असेल तर तो वाकून गाठू नये. खाली उतरून शिडी सरकवावी आणि पुन्हा चढावे. कंटाळवाणे वाटते खरे. पण शिडीवरून पडण्याचे एक नेहमीचे कारण हे हातभर वाकणेच असते. पायांत घट्ट बसणारी, खाचदार तळव्याची पादत्राणे असावीत. सपाता नकोत, ओले अनवाणी पायही नकोत. साडीचा पदर, ओढणी, लुंगी, धोतर खोचून घ्यावे. डोक्यावरच्या भिंतीत ड्रिल करताना भुकटी थेट डोळ्यांत येते, आणि डोळ्यांत भुकटी गेलेला माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोन्ही हात डोळ्यांकडे नेतो. साधा संरक्षक चष्मा त्याला शिडीवर टिकवून ठेवतो.

खाली एक समंजस माणूस शिडी धरून उभा असलाच पाहिजे. त्याने दोन्ही दांडे धरावेत, एक पाय सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावा आणि काम संपेपर्यंत जागा सोडू नये. फोन वाजला म्हणून बाजूला गेलेला सोबती नसल्यासारखाच. लहान मुले आणि पाळीव जनावरे तेवढा वेळ घरात ठेवावीत. शिडी दाराच्या समोर असेल तर दाराला आतून कडी लावून घरातील सर्वांना सांगून ठेवावे.

वर घालवायचा वेळ जितका कमी, तितका धोका कमी. म्हणून जे जे जमिनीवर करता येईल ते जमिनीवरच उरकावे. दिव्याचे खोके उघडून सर्व स्क्रू मोजावेत. दिव्याच्या पाठीमागच्या पट्टीवर जाड कागद ठेवून भोकांच्या खुणा करून घ्याव्यात. तो कागद भिंतीला चिकटवला की भोके कोठे पाडायची हे वर हिशेब न करता कळते. दिव्याला लागणारी वायर खालीच जोडून घ्यावी, म्हणजे वर फक्त दोन-तीन टोके जोडायची उरतात. भिंतीत पूर्वीच्या वायरी गेलेल्या असू शकतात. त्या बहुधा बटणाच्या पेटीपासून सरळ वर किंवा सरळ आडव्या जातात, तेव्हा त्या रेषांत भोक पाडू नये.

आता विजेविषयी. आपल्या घरांत येणारी वीज २३० व्होल्टची असते. दहा वॉटचा लहानसा एल.ई.डी. दिवा जळताना त्यातून साधारण ४० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. एवढाच प्रवाह माणसाच्या छातीतून गेला तर श्वास थांबू शकतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वायर सोडता येत नाही. शिडीवर तर याहून सौम्य झटकाही पुरतो. विजेने मारले नाही तरी दचकून हात सुटतो आणि माणूस खाली येतो.

पुष्कळ घरांत एम.सी.बी. असतो म्हणून लोक निश्चिंत असतात. तो वायरींचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. सहा अँपिअरचा एम.सी.बी. पडण्यासाठी सहा हजार मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाला वाचवणारे साधन निराळे आहे. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात आणि ३० मिलिअँपिअर गळती झाली की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. नवीन दिवा घेण्याआधी आपल्या घरात ते आहे का हे पाहावे. असेल तर त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून ते पडते याची खात्री करावी.

जोडणी करताना केवळ भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या घरांत बटण चुकीने न्यूट्रलवर बसवलेले आढळते. तेथे बटण बंद असूनही दिव्याच्या होल्डरमध्ये वीज असते. म्हणून मेन स्विच बंद करावा, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद झाला की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि त्याची वीजही तितकीच मारक असते. छतावर सौर संच बसवलेला असेल तर त्याचे बटण कोणते हे बसवणाऱ्याला आधीच विचारून ठेवावे. वीज गेलेली आहे, तेवढ्यात काम उरकून घेऊ, असे तर कधीही करू नये. ती परत येण्याची वेळ आपल्या हाती नसते. मेनवर चिकटपट्टी लावून ‘काम चालू आहे, हात लावू नये’ अशी चिठ्ठी अडकवावी. त्यानंतर टेस्टर प्रथम वीज असलेल्या दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे शेजारच्या घरी किंवा जिन्यातील सामाईक दिव्यापाशी, लावून तो पेटतो का ते पाहावे, मग आपल्या वायरींना लावावा, आणि शेवटी पुन्हा त्या पहिल्या ठिकाणी. बिघडलेला टेस्टर नेहमी ‘वीज नाही’ असेच सांगतो. भोके पाडण्यासाठी ड्रिलला वीज लागते, म्हणून ते काम आधी संपवावे, आणि त्या वेळीही दिव्याच्या लाइनचा एम.सी.बी. बंदच असावा. बॅटरीवर चालणारे ड्रिल मिळाले तर उत्तम. शिडीवर लोंबती वायर नको.

असलेला दिवा काढून त्याच जागी तशाच प्रकारचा दुसरा बसवणे घरच्या जाणत्या माणसाला जमू शकते. नवीन लाइन ओढणे, अंगणात वायर पुरणे, फाटकाच्या खांबावर जोडणी नेणे ही कामे परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावीत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांच्या साध्या अदलाबदलीपलीकडचे काम परवानाधारकाकडे सोपवलेले आहे. घरावरून किंवा गच्चीजवळून वीजवाहिनी जात असेल तर शिडी आडवी धरून दोघांनी न्यावी, आणि शिडीचे किंवा माणसाचे कोणतेही टोक वाहिनीच्या दहा फुटांच्या आत येऊ देऊ नये. तेवढी जागा नसेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद करवून घ्यावा.

दिवा निवडताना खोक्यावर ‘आय.पी.’ या अक्षरांपुढचे दोन आकडे पाहावेत. पहिला आकडा धूळ व किडे यांपासूनचे संरक्षण सांगतो, दुसरा पाण्यापासूनचे. छज्जाखाली, जेथे फक्त शिंतोडे येतात, तेथे ४४ पुरतो; उघड्या भिंतीवर ६५ घ्यावा. दिव्याच्या कडेने सिलिकॉन लावताना वरची कड आणि दोन्ही बाजू बंद कराव्यात, खालची कड मोकळी ठेवावी, म्हणजे आत गेलेले पाणी वाहून जाते. वायर दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा. पाणी झोळावरून ठिबकते, आत जात नाही. समुद्रकाठी साधे स्क्रू एक-दोन पावसाळ्यांत गंजतात, तेथे स्टेनलेस स्टीलचे वापरावेत. धातूच्या दिव्याला अर्थिंग जोडल्याशिवाय तो चालू करू नये. ही हिरवी, किंवा हिरवी-पिवळी, वायर पुष्कळ ठिकाणी ‘तिची गरज नाही’ म्हणून मागे दुमडून ठेवलेली आढळते. ओल्या भिंतीवरच्या अशा दिव्याला मूल हात लावते तेव्हा ती गरज कळते.

इतके करूनही कोणी पडले, तर पहिला मोह त्याला उचलून बसवण्याचा होतो. तो आवरावा. माणूस शुद्धीवर असेल तर त्याला न हलता पडून राहण्यास सांगावे, डोके व मान दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरावे, आणि ११२ क्रमांकावर, किंवा जेथे ती सेवा आहे तेथे १०८ वर, फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. पाणी, चहा पाजू नये. हातपाय चोळू नयेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. हळद, चहापत्ती, राख भरू नये. उलटी होऊ लागली तर तीन-चार जणांनी मिळून डोके, मान आणि धड एका सरळ रेषेत ठेवून त्याला एका कुशीवर वळवावे. रिक्षात बसवून नेणे टाळावे. कण्याचे हाड मोडलेले असेल तर बसवण्यानेच मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि मग पाय कायमचे जातात.

पडलेला माणूस पुष्कळदा उठून उभा राहतो आणि ‘काही झाले नाही’ म्हणतो. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे चोवीस तास त्याला एकटे सोडू नये. कवटीच्या आत रक्तस्राव हळूहळू साठत असताना काही तास माणूस अगदी चांगला बोलतो-चालतो, आणि मग एकाएकी मंदावतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, न आवरणारी पेंग, बोलण्यात गोंधळ, एका हातापायात अशक्तपणा, झटका, दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब न करता सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. वय ६५ च्या पुढे असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट पाहू नये. जखम झालेली असेल तर धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

विजेचा झटका बसलेल्या माणसाला, तो वायरीला चिकटलेला असताना, हात लावू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारावी. हे फक्त घरगुती विजेपुरते. रस्त्यावरच्या उच्च दाबाच्या वाहिनीशी संपर्क झाला असेल तर पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळही जाऊ नये. सुटका झाल्यावर तो हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर निजवून छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवावी, दुसरा हात त्यावर ठेवावा आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. प्रशिक्षण घेतलेले असेल तर दर ३० दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. नसेल तर केवळ दाब देत राहावे आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. दमल्यास दुसऱ्याने हात लावावा. विजेचा झटका बसलेल्याला मातीत किंवा वाळूत ठेवण्याची समजूत काही भागांत अजून आहे. त्याने काहीही साधत नाही, आणि जी चार-पाच मिनिटे मेंदूला वाचवू शकली असती ती खड्डा खणण्यात जातात.

झटक्यानंतर माणूस शुद्धीवर असला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. त्यापूर्वी मेन बंद आहे हे पाहावे. टूथपेस्ट, तूप, शाई लावू नये. विजेची भाजलेली जखम वरून डाळीएवढी दिसते, पण आतले स्नायू खोलवर जळालेले असू शकतात. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतील, गरज वाटल्यास काही तास देखरेखीखाली ठेवतील. घरी आल्यावर छातीत धडधड जाणवली, भोवळ आली, किंवा लघवीचा रंग चहासारखा तांबूस-काळपट दिसला, तर स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडात उतरू लागलेले असू शकते. अशा वेळी रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता पुन्हा रुग्णालय गाठावे.